शेवाळे मॅडमची बाजू

आमच्या स्टाफरूममध्ये 'आज फार उकडतंय' एवढं म्हणायचीही चोरी होती. शेवाळे मॅडम चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "कशाच्या तुलनेत?" मग पंखा नीट फिरत नाही इथपासून उकडणं ही मनाची अवस्था आहे इथपर्यंत वाद जायचा. तासाची बेल झाली की मॅडम उठता उठता म्हणायच्या, "तसं उकडतंयच म्हणा," आणि पदराने कपाळ पुसत निघून जायच्या. आम्ही मागे घामाघूम होऊन बसलेलो असायचो.

गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात त्या राज्यशास्त्र शिकवायच्या आणि मी अर्थशास्त्र. पण नाशकात त्यांची ओळख वादविवादाच्या मॅडम अशीच. बुटकी मूर्ती, खणखणीत आवाज, सुती साडी आणि डोक्यावर हेल्मेट. हे हेल्मेट स्कूटर लावल्यावर काढायचं असतं याचा त्यांना विसर पडायचा. कॉरिडॉरमध्ये एखादा विद्यार्थी भेटला की त्या हेल्मेटच्या आतूनच त्याच्या मुद्द्याचं खंडन करत जिना चढायच्या. प्राचार्यांच्या केबिनमध्येही त्या एकदा तशाच शिरल्या होत्या, आणि प्राचार्य घाबरून उभे राहिले होते.

ज्यांनी वादविवाद स्पर्धा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येक कॉलेजातून दोघं जातात. एक विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरुद्ध. वेळ संपत आली की पहिली घंटी, संपली की दुसरी. दोघं एकाच रिक्षातून येतात, व्यासपीठावर एकमेकांची सालटी काढतात आणि एकाच रिक्षातून परत जातात. करंडक मिळाला तर तो दोघांचा. मॅडमना या पद्धतीचं भारी अप्रूप. मला म्हणायच्या, "भांडून एकत्र घरी जायचं, जोशी सर. लोकशाही लोकशाही म्हणून मी वर्षभर जे शिकवते ते एवढंच आहे."

बाजू मात्र त्या नेमून द्यायच्या, आणि त्यांचा नियम उफराटा होता. ज्याला जे मनापासून पटतं, त्याच्या विरुद्ध बाजू त्याच्या गळ्यात. देवळ्याच्या एका कांदा पिकवणाऱ्याच्या मुलाला त्यांनी 'कांद्याची निर्यातबंदी योग्यच आहे' हे मांडायला लावलं. पोरगा रडकुंडीला आला. शेवटी बोलला, आणि इतका फर्मास बोलला की करंडक घेऊन गावी गेला. तिथे बाप त्याच्याशी बोलेना. हे कळल्यावर मॅडम रविवारी एसटीने देवळ्याला गेल्या. त्या मूळच्या त्याच भागातल्या. त्या पोराच्या बापाने त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "मॅडम, तुमी लय शिकलेल्या हाय. पन मला एक सांगा, तुमी सोता कोन्या बाजूच्या?"

"मी घंटीच्या बाजूची," मॅडम म्हणाल्या. "पोराने वेळेत संपवलं का, एवढंच मी बघते."

बाप म्हणे खो खो हसला आणि मॅडमना पिशवीभर कांदे देऊन त्याने गाडीत बसवलं. मॅडमनी त्यातले निम्मे आम्हा स्टाफला वाटले, आणि ते वाटतानाही निर्यातबंदीवर दोन्ही बाजूंनी बोलल्या.

त्यांचं स्वतःचं मत काय, हे खरंच कुणाला माहीत नव्हतं. आरक्षण असो, गोदावरीच्या काठाचं काँक्रीट असो नाहीतर द्राक्षाची वाइन किराणा दुकानात मिळावी का हा प्रश्न असो, त्या दोन्ही बाजू अशा काही मांडायच्या की ऐकणारा दोन्ही वेळेला मान हलवायचा. मुलं मागे लागायची, "मॅडम, तुमचं मत?" त्यावर उत्तर ठरलेलं, "माझं मत मी मतदानाच्या दिवशी बाहेर काढते." मला हा प्रकार थोडा लबाडीचा वाटायचा आणि मी तसं त्यांना तोंडावर म्हणायचो. त्या म्हणायच्या, "सिद्ध करा."

नवरा लवकर गेला. मुलगा निखिल त्यांनी एकटीने वाढवला, म्हणजे जेवणाच्या टेबलावर वाद घालून वाढवला. त्यांच्या घराच्या मागच्याच गल्लीत माझं घर, त्यामुळे संध्याकाळी आमच्या गॅलरीत त्या दोघांचे आवाज यायचे. भेंडी करावी की दोडका, यावर माय-लेक बाजू वाटून घ्यायचे आणि मध्येच अदलाबदल करायचे. निखिल शहरातला सगळ्यात चांगला वक्ता होता, हे मी त्याच्या आईचा सहकारी म्हणून सांगत नाही. त्या पोराच्या बोलण्यात हसू असायचं. समोरच्याला हरवताना तो त्याला दुखवायचा नाही. मॅडम त्याच्याबद्दल उघड कधी बोलायच्या नाहीत, पण कुणी निखिलचं नाव काढलं की त्यांचा चष्मा कपाळावरून आपोआप खाली यायचा.

इंजिनीअर होऊन निखिल पुण्याला नोकरीला लागला आणि वर्षाच्या आत परत आला. 'घरून काम आहे' असं मॅडम सांगायच्या. मग तो वाळत चालला. गल्लीत दिसला तर भराभर बोलायचा, डोळे एका जागी ठरायचे नाहीत, आणि वाक्य अर्धं सोडून निघून जायचा. शहरात तेव्हा नशेच्या एका पांढऱ्या पावडरीचा बोभाटा सुरू झाला होता. एमडी, एमडी असं जो तो बोलत होता. डॉक्टरकीची पदवी वाटावी असं हे नाव आमच्या पिढीला भलत्याच अर्थाने शिकावं लागलं. निखिलचं काय चाललंय ते मॅडमच्या आधी गल्लीला कळलं होतं. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी दुसरी कुठलीही आई करणार नाही अशी गोष्ट केली. त्यांनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "सर, रविवारी सकाळी घरी या. अध्यक्ष म्हणून."

मला वाटलं थट्टा आहे. जाऊन बघतो तर टेबलावर पोह्यांच्या तीन बशा, मध्ये घंटी, आणि माय-लेक समोरासमोर. विषय होता, 'निखिलने व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावे.' ठरलं असं होतं की जो हरेल तो दुसऱ्याचं ऐकेल. निखिलने आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते बघून मला भरून आलं. त्यालाही हे सगळं खरं वाटत होतं.

तो उभा राहिला आणि जुना निखिल बोलायला लागला. "अध्यक्ष महोदय, या शहरात दारूच्या दुकानावर दिव्यांची माळ असते. तिथल्या गिऱ्हाइकाला कुणी गुन्हेगार म्हणत नाही, कारण तो कर भरतो. उद्या सरकारने माझ्या पावडरीवर कर लावला की मीही सन्माननीय ग्राहक. म्हणजे दोष माझ्यात नाही, अंदाजपत्रकात आहे. आणि ज्या दिवशी हा गुन्हा राहणार नाही, त्या दिवशी मला कुठल्या केंद्रात टाकायची आईला गरजही वाटणार नाही."

मला हसू आलं ते मी दाबलं. मॅडमकडे पाहिलं तर त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं. मला त्या कौतुकाची भीती वाटली.

मग त्या उठल्या. "वक्त्याने दारूचं उदाहरण दिलं. दारूवर कर आहे म्हणून दारूने गेलेल्या माणसाला सरकार खांदा द्यायला येत नाही. दुसरं, वक्ता स्वतःला ग्राहक म्हणवतो. ग्राहक दुकानातून रिकाम्या हाताने परत येऊ शकतो. वक्त्याने एकदा तरी तसं येऊन दाखवावं."

निखिलने पोह्यांची बशी बाजूला सारली. "याला उत्तर नाही माझ्याकडे," तो म्हणाला. आईच्या पाया पडला, आत जाऊन त्याने बॅग भरली. मी गाडी काढतो म्हणालो, तर म्हणाला, "कशाला त्रास, काका. रिक्षाने जातो." मॅडमही म्हणाल्या, "जाऊ द्या त्याला एकट्याला. त्याने शब्द दिलाय."

संध्याकाळी केंद्रात फोन केला तर तिथे कुणीच आलेलं नव्हतं. त्याचा मोबाइल बंद. पुढे कितीतरी आठवडे त्याचा पत्ता लागला नाही. पोलिसांत द्यावं का, असं मी विचारलं तर मॅडम दचकल्या. "सापडला आणि खिशात काही निघालं तर?" आम्ही मित्रांकडे, पुण्याच्या खोलीवर, नात्यात विचारत राहिलो. त्या दिवसांत त्या कॉलेजात यायच्या, तास घ्यायच्या, हेल्मेट मात्र गेटपाशीच काढायच्या. एकदा स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच असताना अचानक म्हणाल्या, "पण मी जिंकले ना हो, सर?" त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच मला विचारत होत्या.

एका सकाळी तो आपणहून दारात येऊन उभा राहिला. मॅडमनी एकही प्रश्न न विचारता त्याला आत घेतलं. चार दिवस बरे गेले. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज इतका बारीक, की आधी मला ओळखूच आला नाही. "सर, गाडी घेऊन या. मागच्या दाराने."

गेलो तर घरातले सगळे पडदे ओढलेले. निखिल मोरीच्या दारात पडलेला, अंग तापलेलं, श्वास चालू. मॅडम त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कधी पडला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मघाशी." त्याच्या कपाळावरची ओली पट्टी पार वाळून गेली होती, त्यावरून मघाशी म्हणजे किती ते मला समजलं. त्यांनी मला विचारलं, "दवाखान्यात नेलं की ते पोलिसांना कळवतात का हो?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलंय. आयुष्यात कधी शब्दासाठी न अडलेल्या या बाई अडखळल्या. "काहीतरी... गोळी असेल." डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "ताई, मी डॉक्टर आहे, फौजदार नाही. खरं सांगा, म्हणजे मला काम करता येईल." तेव्हा कुठे मॅडमनी खरं सांगितलं. पोरगा वाचला. तिथून तो केंद्रात गेला, या वेळी वाद न होता. डॉक्टरांनी लिहून दिलं, मॅडमनी सही केली, आणि त्याच्या अंगात नाही म्हणायची ताकद नव्हती.

त्याच वर्षी आमच्या कॉलेजच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी मुलांच्या समितीने विषय निवडला, 'एमडीसारखे घातक अमली पदार्थ गुन्ह्याच्या कक्षेतून काढून त्यांवर कर लावावा.' पोरांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. प्राचार्यांना होतं. त्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं की विषय बदलू, नाहीतर या वर्षी तुम्ही रजा घ्या. मॅडम म्हणाल्या, "विषय चांगला आहे. दोन्ही बाजू जड आहेत." आणि त्या तयारीला लागल्या. कराचे मुद्दे काढून द्यायला माझ्याच मानगुटीवर बसल्या. कर लावला की चोरटा बाजार मरतो का, किंमत वाढली की घेणारे कमी होतात का. मी व्यसनी माणसाची मागणी किमतीला दाद देत नाही हे समजावत होतो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ते माहीत आहे मला. घरातली भांडी गेली होती माझ्या."

स्पर्धा रंगली. सभागृह गच्च. मालेगावचा एक मुलगा बाजूने फार छान बोलला. गुन्हा ठरवल्यामुळे घेणारा लपतो, लपल्यामुळे मरतो, असा त्याचा मुद्दा होता. विरुद्ध बाजूने बोललेली मुलगी म्हणाली की ज्यावर सरकार कमावतं ते सरकार कधी संपवत नाही, आणि टाळ्या कडाडल्या. शेवटी रिवाजाप्रमाणे मॅडम समारोपाला उठल्या. दोन्ही बाजूंच्या चुका दाखवून त्या बसणार, तेवढ्यात मागून एक मुलगी उभी राहिली. दरवर्षी कुणीतरी उभं राहायचंच. "मॅडम, तुमचं मत?"

मुलं हसली. सगळ्यांना उत्तर पाठ होतं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाजूने बोललेला वक्ता म्हणाला की गुन्ह्याच्या भीतीने माणसं दवाखान्यात जात नाहीत. त्याने पुरावा दिला नाही, म्हणून मी त्याला नावं ठेवली. पुरावा मी देते. माझा मुलगा ही पावडर घेत होता. एका दुपारी तो बेशुद्ध पडला. मी पडदे ओढले आणि पोलीस येतील का याचा विचार करत बसले. पोटच्या पोराचा श्वास अडकत होता आणि त्याची आई कायद्याची कलमं आठवत होती."

मग मॅडमनी विरुद्ध बाजूच्या मुलीकडे हात केला.

"आता दुसरी बाजू. ही पावडर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली असती, तर माझ्या मुलाने ती आधीच सुरू केली असती. मी रागावले असते तर हसून म्हणाला असता, आई, पावती आहे. हेही मला माहीत आहे, कारण तो माझाच विद्यार्थी आहे. मत विचारलंत. आयुष्यभर मी तुम्हाला बाजू घ्यायला लावली आणि मला या विषयात ती घेता येत नाही. कर लावा की तुरुंगात टाका, मला ठरवता आलेलं नाही. मला इतकंच पाहिजे की माझ्या मुलाला मला सांगायची भीती वाटू नये आणि मला डॉक्टरला सांगायची. असा कायदा कुणी आणणार असेल तर त्याच्या रांगेत मला पहिली उभी करा."

वेळ कधीच संपली होती. घंटीपाशी बसलेली मुलगी हात तसाच धरून बसली होती. मॅडम तिच्याकडे वळून म्हणाल्या, "वाजव ना. नियम सगळ्यांना सारखा." तिने वाजवली.

नंतर काय काय बोललं गेलं ते सांगण्यासारखं नाही. घरची लाज चव्हाट्यावर आणली असं स्टाफमधलेच दोघं-तिघं म्हणाले. पण पुढच्या आठवड्यापासून राज्यशास्त्र विभागाच्या दाराशी अनोळखी आया दिसायला लागल्या. सिडकोतून, पंचवटीतून, एक तर थेट निफाडहून आलेली. मॅडम त्यांना आत घ्यायच्या, दार लावायच्या. आतून त्यांचा आवाज ऐकू येत नसे, हे मी मुद्दाम नोंदवतो. मी शेजारच्याच खोलीत बसायचो आणि भिंत पातळ होती.

मॅडम निवृत्त झाल्या. निखिल केंद्रातून सुटल्यावर पिंपळगाव बसवंतला मामाकडे राहायला गेला. मॅडमच्या धाकट्या भावाचं तिथे द्राक्षाचं पॅकहाउस आहे. पेट्या भरून घ्यायच्या, शीतगृहाचं तापमान बघायचं, टेम्पो लावून द्यायचे, असं काम. दर रविवारी मॅडम डबा घेऊन जायच्या. बसला गर्दी असली की माझी गाडी. निमित्त डब्याचं, पण रस्ताभर त्या ओठातल्या ओठात 'आज वाद नाही' असं घोकत असायच्या, हे मला दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पहिली दोन वर्षं कठीण. पुन्हा घसरला आणि लपवलं, तर पुढच्या वेळी गाडी मागवायला वेळ मिळेलच असं नाही. मॅडमना त्या 'लपवलं तर'ची धास्ती होती.

मागच्या हंगामातला रविवार. पॅकहाउसच्या दाराशी रिकाम्या पेट्या रचलेल्या, आत बाया द्राक्षांचे घड कात्रीने साफ करत होत्या. निखिल शीतगृहातून बाहेर आला, उन्हातही अंगात स्वेटर. आमच्यासमोर उभा राहिला, बसला नाही. मॅडम डबा सोडत होत्या. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी.

"आई," तो म्हणाला, "परवा घेतली मी."

मॅडमचा हात थांबला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. कुणी असं काही तोंडाबाहेर काढलं की त्यांच्या डोक्यात मुद्दे रांगेने उभे राहतात, ते चेहऱ्यावर दिसतं. आत्ताही ते दिसले. कुणी दिली, का घेतली, शब्दाचं काय झालं. ओठ उघडले होते त्यांचे.

"बरं," त्या म्हणाल्या. "मला सांगितलंस ना? बस. हात धू. आधी जेवी ले."

हे शेवटचं त्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या. निखिल तसाच उभा. "तू काही बोलणार नाहीस?"

"जेवल्यावर डॉक्टरांकडे जाऊ, दोघं. तोवर मला काही सुचत नाही."

तो नळाशी गेला, हात धुतले, तोंडही धुतलं, बराच वेळ धुतलं. मग येऊन आईशेजारी पेटीवर बसला आणि जेवला. मामा जीप काढतो म्हणाले. मला संध्याकाळी घरी पाहुणे होते, म्हणून मी निघालो. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही व्हा पुढे. मी राहीन आज इथेच." त्या दिवसानंतर त्या पिंपळगावलाच राहतात. नाशकातलं घर बंद आहे.

त्या दिवशी गाडी वळवताना मी मागे पाहिलं. जीप अजून यायची होती. निखिल पेटीवर वाकून, हातवारे करत काहीतरी सांगत होता, बहुतेक सगळंच सांगत होता. शेवाळे मॅडम त्याच्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.